अंबाडी पहाटेच का कापायची

आमच्या घरात अंबाडीच्या बियाण्याचा कारभार धनाकाकाकडे होता, आणि त्यात तो माझ्या बाबांनाही बोट घालू द्यायचा नाही. धानाचं बी बाबा बघत, लाखोळीच्या डाळीचं माय बघे, पण अंबाडी म्हटली की काका. आजा-आजी मी लहान असतानाच गेलेले. घरात बाबा, माय, बाबांचा धाकटा भाऊ धनाकाका आणि मी, एवढीच माणसं. अर्जुनी मोरगावच्या अलीकडे आमचं गाव. धानाच्या चार बांध्या, त्यांना पाणी पुरवणारी एक बोडी, म्हणजे शेतातलं लहानसं तळं, आणि बांध्यांच्या भोवती फिरणारा धुरा, म्हणजे मातीचा रुंद बांध. त्या धुऱ्यावर काका अंबाडी लावायचा. पावसाळ्यात तिची कोवळी पानं खुडून भाजी व्हायची. पुढे ताटं पुरुषभर उंच वाढली की बरीचशी कापून बोडीत सडत घालायची, मग त्यांची साल सोलून धुऊन वाळवायची, आणि त्या सालीचे दोर वळायचे. सडलेल्या अंबाडीचा वास असा की पाहुणा नाकाला रुमाल लावून येई आणि तसाच निघून जाई. आम्हाला मात्र त्याचं काही वाटायचं नाही. काका ओसरीवर बसून मांडीवर दोर वळत असायचा. दिवसभरात त्याच्या तोंडून शब्द निघत त्याहून लांब दोर त्याच्या मांडीवरून निघे.

दोर वळणं सोपं, बी धरणं अवघड. अंबाडीचं बोंड मोठं दगाबाज असतं. एकाच ताटावर खालची बोंडं वाळून तयार होतात तेव्हा वरची हिरवी असतात आणि शेंड्याला अजून फुलं चाललेली असतात. वरच्यांची वाट पाहावी तर खालची उलून, म्हणजे फुटून, जातात. त्यातून आमच्याकडे कार्तिकात रात्री दव पडतं आणि दिवसा ऊन चांगलंच लागतं. रात्री भिजून बोंड नरम होतं, दुपारी सुकून आकसतं, पुन्हा भिजतं, पुन्हा सुकतं, आणि असं चार-सहा दिवस झालं की शिवणीवर उलतं. बी खाली मातीत. म्हणून बियाण्याची ताटं कापायची ती पहाटे, दव अंगावर असतानाच. ओलं बोंड विळ्याचा हिसका सोसतं. तेच ताट दुपारी कापायला जाल तर हात लावताच निम्मं बी सांडतं. परवा माझ्या मुलीचा नागपूरहून फोन आला. तिनं गच्चीवर बादलीत अंबाडी लावली आहे. म्हणाली, "आई, घरचंच बी धरणार होते, पण काढायच्या आधीच बोंडं फुटून गेली. खत जास्त झालं का गं?" मी म्हटलं, खताचं राहू दे, तू उठतेस कधी ते सांग. तिला राग आला. पण खरं ते खरं. आणि याच एका गोष्टीपायी, म्हणजे अंबाडी पहाटे कापतात एवढ्यापायी, धनाकाकाचा संसार मोडता मोडता राहिला, ते तिला फोनवर कसं सांगणार?

काकाचं लग्न बाबांनी आणि मायनं लावून दिलं, त्या वर्षी मी दहावीत होते. मुलगी गोंदियाची. नात्यातलीच, पण शहरात वाढलेली. वडिलांचं किराणा दुकान, घरात सगळा कारभार हिंदीत. तिचं नाव रेखा. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी असेल नसेल. मला काकू म्हणायची लाज वाटायची, आणि तिलाही ऐकायची. ती आल्यावर घराचा आवाजच बदलला. मायच्या बांगड्या भांड्यावर वाजत त्या ठाय लयीत, काकूच्या वाजत त्या घाईत. ती पापड भाजताना गुणगुणायची, कणीक मळताना गुणगुणायची आणि बाबा अंगणात आले की एकदम गप्प व्हायची. अंबाडीची भाजी तिनं जन्मात खाल्ली नव्हती. मायनं तुरीची डाळ आणि तांदळाच्या कण्या घालून शिजवली, वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी दिली, आणि काकूनं पहिल्या घासाला डोळे मिटले. "ये खट्टी भाजी रोज बनाओ ना, दीदी," म्हणाली. माय तिला जाऊ लागायची, पण तिनं पहिल्या दिवसापासून दीदी केलं. श्रावण-भादव्यात आठवड्यातून तीनदा तरी ती भाजी झाली असेल. मला ती इतकी आवडायला लागली होती की शाळेतून घरी येताना मी पळत यायचे. भाजी नव्हे, काकू.

आमच्या घरात एक रीत होती. तेव्हा घरोघरी होती. नवरा-बायकोनं वडीलधाऱ्यांदेखत एकमेकांशी बोलायचं नाही. बाबा आणि मायही लग्नानंतर किती वर्षं बोलले नव्हते म्हणे. काका तर मुळातच मुखदुर्बळ. त्याला पाणी हवं असलं तर तो मला म्हणायचा, "पाणी दे म्हणा." काकू समोर उभी असायची, तिनं ऐकलेलं असायचं, तरी मी "काकाले पाणी दे" म्हणायचं आणि मग तिनं द्यायचं. मला तो खेळ वाटायचा. आता कधी आठवलं की वाटतं, त्या दोघांना बोलायला दिवसाचा एखादा कोपरा तरी मिळायला हवा होता. तसा तो मिळाला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

काकू किराणा दुकानदाराची मुलगी. पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकायची नाही. हिंदी पेपरच्या अशाच एका पुडीवर तिला एक फोटो दिसला होता. पकडलेल्या गांजाच्या झाडांचा ढीग, आणि त्याचं हाताच्या बोटांसारखं चिरलेलं पान. हे सारं तिनं पुढे सांगितलं म्हणून कळलं. नवरात्राच्या सुमारास मी तिला पहिल्यांदा शेतावर नेलं. नवी सून तोवर बांधीवर गेली नव्हती. धुऱ्यावर अंबाडी डोक्यापार गेलेली. आता इथं एक गंमत आहे. अंबाडीचं खालचं कोवळं पान, भाजीत जातं ते, साधं आणि अखंड असतं. झाड मोठं झालं की वरची पानं पाच बोटांची चिरलेली येतात. ज्यानं फक्त सुपातली भाजी पाहिली त्याला वरचं पान दाखवून हे तेच झाड म्हटलं तर पटायचं नाही. काकू थबकली. पान हातात धरून तिनं विचारलं, "ये किसका है?" मी सरळ सांगितलं, "काकाचं. याले काका कोणाले हात लावू देत नाही." तिनं पान सोडून दिलं. परत येताना गुणगुणलीही नाही.

मग दिवाळी आली. करंज्या तळण्याचा वास घरभर, आणि ओसरीवर बाबा आणि काका जेवायला बसलेले. काकू आतून वाढून देत होती. बाबा म्हणाले, "काऊन धना, माल पाकला का?"

"पाकला. दिवाळी झाली का काढतो," काका म्हणाला. "पहाटेच जा लागते. ऊन चढलं का हातचा गेला."

"मी येऊन राहिलो ना संगं. पण गावात बोलू नोको. मागच्या साली अर्धा गाव मागाले आला होता."

"कोणालेच नाही सांगत मी."

आमची अंबाडी पांढऱ्या ताटाची होती, तिचा धागा लांब आणि उजळ निघायचा, म्हणून सगळ्या गावाला तिचं बी हवं असायचं. एवढंच ते बोलणं. मी तिथंच बसून वरणभात खात होते आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दाराआड उभ्या असलेल्या काकूला मात्र सगळं लख्ख कळलं. माल, पहाट, कोणाला सांगायचं नाही, अर्धा गाव गिऱ्हाईक. भाऊबीजेला तिचा भाऊ तिला न्यायला आला. निघताना तिनं मायच्या पाया पडून इतकं रडावं की मायलाच नवल वाटलं. अवो, चार दिवसांसाठी चालली आहे ही, असं माय म्हणाली.

चार दिवस गेले, आठ गेले, काकू आली नाही. मग गोंदियाहून येणाऱ्या एका माणसाजवळ निरोप आला, मुलगी पाठवणार नाही. का, ते नाही. आमच्या घरावर अवकळा पसरली. बाबा मायला म्हणत, तू काही बोलली असशील. माय बाबांना म्हणे, तुमच्या खाकरण्यानंच पोर दचकत होती. काका ओसरीवरच. दोर वळायचा, उलगडायचा, पुन्हा वळायचा. जेवताना मला "पाणी दे म्हणा" म्हणायचा आणि मग त्याच्या लक्षात यायचं की जिला सांगायचं तीच घरात नाही. मी आत जाऊन रडून घेतलं. अंबाडी कापायचं त्याचं भानच सुटलं. बोंडं वाळली, खालची उलायला लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदा काकानं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

शेवटी मायच उठली. "मी जाऊन पाहतो का झालं ते," म्हणाली आणि मला बरोबर घेतलं, कारण तिला हिंदी बोलायला यायचं नाही आणि मला येतं अशी तिची समजूत होती. तेव्हा आमची गाडी छोट्या लाइनीची, अरुंद रुळांची होती. चढावर एवढी हळू चालायची की उतरून लघवीला जाऊन पुन्हा चढता यावं. गोंदियाला पोचलो तेव्हा दुकानात गर्दी होती. काकूच्या वडिलांना आम्ही शेटजी म्हणायचो. त्यांनी आम्हाला आत नेलं, चहा दिला, बिस्किटं दिली, आणि मग हात जोडले. "समधनजी, हम सीधे-सादे लोग हैं. गांजेवाले घर में बेटी नहीं रखेंगे."

मायनं माझ्याकडे पाहिलं. "का म्हणून राहिले?"

"गांजा म्हणून राहिले," मी म्हटलं.

"कोणाचा गांजा?"

दारात काकू उभी होती. तिचे डोळे सुजलेले. तिनं धुऱ्यावरचं पान सांगितलं, पुडीचा फोटो सांगितला, दिवाळीच्या रात्रीचं बोलणं सांगितलं. मी मराठीत सांगत गेले तसतशी माय हसायला लागली. मायचं हसू एकदा सुटलं की आवरायचं नाही. "अवं बाप्पा! अवं, ते अंबाडी होय! जे तू दोन महिने मागून मागून खाऊन राहिली होती तेच!" मी त्याचं हिंदी केलं. आणि इथं सगळं बिघडलं. काकूच्या आईनं कपाळावर हात मारला. "हाय राम, खिला भी दिया!"

मायचं हसू तिथंच थांबलं. ती पदर खोचून सरळ बसली. शेटजींना म्हणाली, "तुम्ही स्वतःच चाला जी. पोरीले घेऊन चाला. डोळ्यानं पाहा. गांजा निघाला तर पोरीले तुम्हीच घेऊन जा, आम्ही तोंडसुद्धा नाही दाखवणार." हे हिंदीत सांगणं माझ्या जिवावर आलं, कारण माय शब्द द्यायची ते पाळण्यासाठी. म्हणजे काकू त्या दिवशी एक तर कायमची येणार होती किंवा कायमची जाणार होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं शेटजी, काकू, माय आणि मी निघालो. शेटजींनी पांढरा सदरा-पायजमा घातला होता आणि खिशात तो पुडीचा कागद होता. शेतात पोचलो तेव्हा ऊन अजून कोवळंच होतं. बाबा आणि काका धुऱ्यावर उभे होते. मायनं त्यांना दोन शब्दांत सगळं सांगितलं. शेटजींनी कागद उलगडला, अंबाडीच्या शेंड्याला उरलेलं एक पान तोडलं आणि फोटोवर ठेवलं. हुबेहूब. "देखो! पाँच उँगली!"

काकानं बोडीच्या काठचं उशिरा उगवलेलं एक ताट वाकवलं. त्याला पिवळं फूल होतं, आत लालजांभळा डोळा. सासऱ्याला म्हणाला, "मामाजी, गांजाले असं फूल येते काय?"

"हमको क्या मालूम उसको कैसा फूल आता है?" शेटजी तडकले. "तुमको मालूम है?"

काकानं बाबांकडे पाहिलं, बाबांनी बोडीकडे. गांजाला कसं फूल येतं ते सांगितलं तर इज्जत जाते, नाही सांगितलं तर सून जाते. त्या धुऱ्यावर आम्ही सगळी सज्जन माणसं, आणि एकालाही गांजाचं झाड ठाऊक नव्हतं. ही गोष्ट मी आजवर कितीजणांना सांगितली, इथं आलं की माझं मलाच हसू येतं.

तेवढ्यात काकू बोलली. काकाकडे पाहिलं नाही तिनं, वडिलांनाच म्हणाली, "बाबूजी, बस इतना पूछो. चोरी नहीं है तो अँधेरे में क्यों काटते हैं?"

काका धुऱ्यावर उकिडवा बसला. जमिनीकडे पाहत म्हणाला, "मामाजी, घडीभर बसा. ऊन चढू द्या. मी सांगण्यापेक्षा तेच सांगते."

आम्ही बसलो. बोडीत पाणकोंबड्या ओरडत होत्या, लांबच्या रस्त्यावर एक बैलगाडी करकरत गेली. शेटजी सारखे घाम पुसत होते. ऊन तापत गेलं तसं ताटावरचं दव केव्हाच उडालं होतं, आता बोंडं सुकत चालली. मग अगदी बारीक आवाज आला, टच. थोड्या वेळानं दुसरा. काकू उठली, एका ताटाजवळ गेली आणि बोंडाखाली पदर धरला. नुसता पदराचा धक्का लागला आणि बोंड उललं. काळपट, तिकोनी बी तिच्या पदरात पडलं. तिनं दुसऱ्या बोंडाला बोट लावलं, तेही उललं. तिसऱ्याचं बी हातात यायच्या आधीच मातीत गेलं.

"म्हणून पहाटे," काका शेटजींना म्हणाला. "दव असते तोवर बोंड धरून राहते. आता कापलं तर का उरते?"

काकू पदरातल्या बियांकडे बघत उभी राहिली. तिला कळलं होतं, ते मला तिच्या खाली गेलेल्या मानेवरून दिसलं. पण शेटजी व्यापारी माणूस, माल हाताळल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. "देखें तो," म्हणत ते पुढे झाले आणि त्यांनी ताटांचा चांगला कवळाभर झुपका दोन्ही हातांनी छातीशी धरला. काका, बाबा आणि माय एकदमच ओरडले. अंबाडीच्या बोंडावर बारीक लव असते. दिसत नाही, पण अंगात शिरली की माणूस नाचतो. शेटजी आधी मान खाजवायला लागले, मग दंड, मग पोट. सदरा काढला तर पाठ. "क्या है ये, क्या है ये" करत ते धुऱ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाले. जातील तिथं ताटांवर आपटत होते आणि बोंडं फटाफट फुटत होती. शेवटी बाबांनी त्यांना हाताला धरून बोडीत उतरवलं. माय काठावरून सांगत होती, चिखल लावा जी, चिखल लावा. आणि अंगभर चिखल लावून शेटजी गळ्यापर्यंत पाण्यात बसले तेव्हा काकू हसली. आमच्याकडे आल्यापासून ती कधी अशी हसली नव्हती. पदर तोंडाला लावायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही, कारण पदरात बी होतं.

घरी आल्यावर तिनं कोणाला काही विचारलं नाही. सरळ चुलीपाशी गेली, मडक्यातली वाळवलेली अंबाडीची पानं काढली आणि भाजी टाकली. बाबांचं धोतर नेसलेले शेटजी पाटावर बसले. पहिला घास घेताना त्यांनी लेकीकडे पाहिलं, लेकीनं मान हलवली. मग ते पोटभर जेवले आणि भात दोनदा मागितला. हातापायांना खोबरेल लावून संध्याकाळच्या गाडीला एकटेच बसले. पुडीचा तो कागद बोडीतच विरघळला असावा.

त्या साली बी घरात आलं नाही. काकूच्या पदरात होतं ते चिमूटभर, तेवढंच. काकानं वर्षानुवर्षं जपलेलं बियाणं, पण तो हळहळला नाही. म्हणजे निदान बोलला नाही. पुढच्या पावसाळ्यात आम्ही धानाच्या रोवणीला निघालो. आता काकूही कमरेला पदर बांधून चिखलात उतरत होती आणि तिच्या हिंदीत आमची बोली अर्धी मिसळली होती. धुऱ्याशी आलो आणि सगळेच थांबलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत अंबाडी उगवली होती. पेरल्यासारखी नव्हे, सांडल्यासारखी. कुठं दाट, कुठं विरळ, बोडीच्या उतारावर तर पाय ठेवायला जागा नाही.

"हे एवढं कोनं पेरलं जी?" काकूनं विचारलं. विचारलं ते मायला.

माय काही बोलायच्या आत धनाकाकानं खांद्यावरची रोपांची पेंडी खाली ठेवली. बाबा समोर होते, माय समोर होती, मी होते. त्यानं काकूकडे सरळ पाहिलं आणि म्हणाला, "तुह्या बापानं."

आमच्या सगळ्यांदेखत तो तिच्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. बाबांनी मान दुसरीकडे वळवली आणि उगाचच मोठ्यानं खाकरले. काकू चिखलातच मटकन खाली बसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकानं तिला उठवायला हात दिला. तोही आमच्यादेखतच.